आईची सही

डिचोली, गोवा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे सांत्वनाचे पत्र पोचले. आईच्या हातच्या खतखत्याची आठवण तू काढलीस. घरी भेटायला आलेल्या बहुतेकांनी असेच काहीतरी सांगितले. कोणाला मुगागाठी आठवत होत्या, कोणाला हळदीच्या पानातल्या पातोळ्या. यात खोटे काही नाही, पण रोज तेच ऐकून मला वाटू लागले की मागे एवढीच आठवण राहिली तर तिच्यावर अन्याय होईल. रांधून प्रेमाने वाढणाऱ्या बाया आपल्या गावात घरोघर आहेत. आई त्यांच्यातली होतीच, पण ती हिशेबाला पक्की होती आणि नाही म्हणायची वेळ आली की सरळ नाही म्हणत असे. तू तिला जवळून पाहिले आहेस, म्हणून तुलाच हे सविस्तर लिहितो.

तिचा जन्म १९४४ चा, माहेर अस्नोड्याचे. देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळेत, भरणाऱ्या मराठी शाळेत ती चार इयत्ता शिकली. मुलीला त्यापुढे शिकवावे असे घरात कोणाच्या मनात आले नाही. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे पोर्तुगीज सैन्याने माघार घेताना अस्नोड्याचा पूल उडवला, तो आवाज तिने अंथरुणातून ऐकला होता. गोवा मुक्तिदिन जवळ आला की शाळेची मुले तिला मोठ्या अपेक्षेने त्याविषयी विचारायला येत, आणि ती गंभीर चेहऱ्याने सांगे की पूल गेल्यामुळे पोदेर, म्हणजे पाववाला, पलीकडे अडकला आणि त्या दिवशी घरात पाव आला नाही.

लग्न होऊन ती डिचोलीला आली आणि थोड्याच काळात, १६ जानेवारी १९६७ रोजी, जनमत कौल झाला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा असे ज्यांना वाटे त्यांनी फुलावर शिक्का मारायचा आणि वेगळा राहावा असे वाटणाऱ्यांनी दोन पानांवर, हे तुला माहीतच आहे. आमचे घर कट्टर फुलाचे. आजोबांनी नव्या सुनेलाही तसे बजावून ठेवले होते. तिचे ते आयुष्यातले पहिले मत. कौल ३४,०२१ मतांनी पानांच्या बाजूने लागला, आजोबा दोन दिवस जेवले नाहीत, आणि सुनेने शिक्का कशावर मारला हे त्यांना शेवटपर्यंत कळले नाही. पुढे बाबांनी लाडीगोडीने विचारले, मी थट्टेत विचारले, नातीने शाळेच्या प्रकल्पासाठी वही-पेन घेऊन विचारले. सगळ्यांना एकच उत्तर मिळाले: "मत गुपीत आसता." माझा संशय पानांवर आहे, पण हाती पुरावा काही नाही.

आमच्या कुळागराचा, म्हणजे माड-पोफळीच्या बागेचा, प्रसंग घडला तेव्हा तू मुंबईला होतास. २००५ च्या सुमारास इथल्या खाणींतले खनिज भराभर चीनला जाऊ लागले आणि डिचोलीत ज्याला त्याला ते वाहायला ट्रक घ्यायचा होता. बाबांनीही कुळागर विकून ट्रक घालायचे ठरवले. गिऱ्हाईक आले, वकील आला, दस्त टाइप होऊन तयार झाला. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कुटुंबाच्या बाबतीत मुक्तीनंतरही चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोचा निम्मा निम्मा वाटा असतो आणि बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला स्थावर विकता येत नाही. कायदा चांगला आहे, पण बहुतेक घरांत संमती म्हणजे वकील बोट ठेवील तिथे बाईने सही करायची. आईने चष्मा लावला, दस्त हातात घेतला आणि तो इंग्रजीत आहे असे पाहून वकिलाला ओळीओळीचा अर्थ सांगायला लावला. मध्ये एकदा तिने उठून सगळ्यांना चहा दिला आणि जिथे थांबले होते तिथूनच पुढे वाचायला सांगितले. सगळे ऐकून झाल्यावर तिने कागदाची घडी घालून तो परत केला आणि म्हणाली, "हांव सय करची ना." मी सही करणार नाही. कारण विचारले, तर म्हणाली की कुळागरातली झर मे महिन्यातही आटत नाही, आणि ट्रकाला पाणी घातले म्हणून त्याला सुपारी लागत नाही. बाबा कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हते. ती मात्र रोज त्यांच्यापुढे पेजेचे ताट ठेवी आणि कुळागरात निघून जाई.

सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि कर्जाने घेतलेले ट्रक लोकांच्या अंगणात उभे राहिले, तेव्हा गावातली माणसे तिला दूरदर्शी म्हणू लागली. त्याचा तिला राग येई. शेजाऱ्यांच्या घरांत बँकेच्या नोटिसा येत असताना कोणी आपले कौतुक करावे हे तिला बरे वाटत नसे; शिवाय खाणींमधले आपल्याला काही कळत नव्हते, असे ती उघड सांगे.

बाबा गेल्यावर वाटणीचा विषय निघाला. बहिणीला लग्नात द्यायचे ते दिलेच आहे, आता तिने हक्कसोडीवर सही करावी म्हणजे भावांचे सोपे होईल, असे वडीलधाऱ्यांतल्या एकाने सुचवले. ते दिवस पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे, होते. आई अंगणात भिंडाची, म्हणजे कोकमाची, सोले करत बसली होती: फळ चिरून बी काढायची, साले उन्हात घालायची, वाळली की मिठाच्या रसात बुडवून पुन्हा वाळवायची, आणि ती काळीभोर, बोटांना चिकटणारी होईपर्यंत हेच करत राहायचे. जांभळ्या झालेल्या हातांनी साले उलटताना, मान वर न करता ती म्हणाली की कायद्याने मुलीला मुलाइतकाच वाटा आहे, आणि तिच्या सहीची घाई ज्यांना झाली आहे त्यांनी आधी आपल्या बहिणींना काय दिले ते सांगावे. विषय तिथेच संपला. झरीकडचा तुकडा आज बहिणीच्या नावावर आहे.

आजी म्हणून ती लाड करी, पण तिथेही तिचे नाही हे नाहीच असे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मागता येते, हे आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. माझ्या मुलालाही त्या वाटेने इंग्लंडला जायचे होते. बाबांच्या जन्माची नोंद सापडेना, म्हणून एजंट आईच्या जन्माची नोंद लिस्बनला करण्याचे कागद घेऊन आला. तिने विचारले, "म्हजें हांगचें मत उरतलें मू?" माझे इथले मत राहील ना? एजंटाला छातीठोकपणे हो म्हणता आले नाही. तिने सही दिली नाही. मला आजही वाटते की इथे ती जरा कठोर वागली. तिच्या एका मतापेक्षा पोराचे सगळे आयुष्य पुढे होते. तो पुण्याला नोकरीला लागला आणि बराच काळ तिच्याशी तुटक बोलत असे. मात्र चवथीला, गणपतीला, घरी आला की मूर्तीवर टांगायच्या माटोळीचे सामान, रानातली फळे-फुले, आणायला आजीबरोबर रानात तोच जाई. घागऱ्या कुठल्या बांधावर मिळतात आणि हरणे कुठे फुलतात, हे घरात आता त्याच्याइतके कोणाला माहीत नाही.

शेवटच्या महिन्यांत तिचे डोळे गेले होते, तरी नारळ पाडणारा पाडेली आला की माझ्या बायकोला शेजारी बसवून ती पाडपाचे, म्हणजे पाडलेल्या नारळांचे, आकडे लिहून घ्यायला लावी. तिच्या हिशेबाच्या वह्या आम्ही गेल्या आठवड्यात काढल्या. माडागणिक नारळ, सुपारीचा भाव, बुधवारच्या बाजारात विकलेली केळी आणि उसने नेणाऱ्यांची नावे, सगळे त्यांत आहे. एका पानावर तूही आहेस. मुंबईला मुलाखतीला निघालास तेव्हा तू तिच्याकडून ५० रुपये नेले होतेस. नोंदीपुढे "परत आले" असे लिहिलेले नाही. चवथीला येशील तेव्हा तेवढे घेऊन ये. वह्या आता बहिणीने ताब्यात घेतल्या आहेत, आणि ती आईपेक्षा कडक आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
डिचोलीचा मित्र