बशीतले बी गेले कुठे?

महोदय,

‘जळालेल्या जंगलात प्राण्यांचीच पेरणी’ हे मेळघाटातल्या वणव्यानंतरचे कालचे वृत्त वाचले. उत्साहाचे कौतुक आहे. पण बशीत दहा बिया ठेवल्या, सकाळी दोन उरल्या, म्हणून प्राण्यांनी आठ पेरल्या, हे गणित कुठल्या शाळेतले?

वणव्यात पालापाचोळा जातो आणि बी उघडे पडते. उंदीर मात्र मोकळ्या राखेत फार आत शिरत नाही, घुबड टपलेले असते. न जळालेल्या गवतातून निघायचे, कडेचे बी उचलायचे आणि पुन्हा गवतात पळायचे, हा त्याचा रिवाज. त्यामुळे कडेला बशी रिकामी आणि पन्नास मीटर आत भरलेली, असे होऊ शकते. नेलेले बी बहुतेक कुरतडलेच जाते. पुरून विसरलेले एखादेच उगवते. दाणे वेचणाऱ्या मुंग्यांच्या बिळाभोवती फोलकटांचे कडे साचते, ते पाहिले असते तरी मथळा बदलला असता. एरंडाच्या बीच्या टोकाची मऊ, तेलकट गाठ मुंग्या खातात आणि बी शाबूत टाकून देतात, एवढा अपवाद मान्य.

कोणी उचलले हे कळायला एक बशी पुरत नाही. एक उघडी. दुसरीवर बारीक छिद्रांची जाळी, म्हणजे मुंगी आत, उंदीर-पाखरू बाहेर. तिसरीच्या काठाला ग्रीस, म्हणजे मुंगी बाहेर. चौथीला जाळीही आणि ग्रीसही, म्हणजे प्राणी सगळे बाहेर, वारा तेवढा आत. नाहीतर वाऱ्याने उडालेले बी उंदराच्या नावावर जाते. काडीकचरा ग्रीसवर पडला की मुंग्यांना पूल मिळतो, तो रोज काढावा. मोजणी सकाळ-संध्याकाळ करावी: रात्री गेले ते उंदराकडे बोट दाखवते, दिवसा गेले ते तित्तर-मोराकडे. आणि नुसता साग ठेवू नये. त्याचे टणक फळ मुंग्यांना हलत नाही, मग ‘मुंग्याच नाहीत’ असाही शोध लागायचा!

बातमीच्या शेवटी मे महिन्यात रस्त्याकडेला मातीचे बीजगोळे टाकण्याचे आवाहन आहे. रस्त्याची कड म्हणजे उंदरांसाठी वाढलेले ताट. विदर्भात पाऊस जूनच्या मध्याला, तोवर गोळे उन्हात तडकणार. पहिला चांगला पाऊस पडल्यावर, रस्त्यापासून आत, बी मातीत टोकावे. मोहाचे बी तर ताजेच हवे, काही आठवड्यांत त्याची उगवण घसरते.

जाता जाता: बातमीसोबतचे छायाचित्र हिमालयातल्या चीड-पाइनच्या जंगलाचे आहे. मेळघाटात चीडचे नैसर्गिक जंगल नाही. निदान एवढे तरी तपासायला जंगलात जावे लागत नाही.

— एक वाचक, अमरावती