काकांबद्दल लिहिलंय, तुला न विचारता

प्रिय मृणाल,

पाच महिन्यांनी लिहितेय आणि तेही माझ्या कामासाठी. रागाव, पण शेवटपर्यंत वाच. मी बरी आहे, आईचे गुडघे तसेच.

इथे अमेरिकेत मेडिकल स्कूलच्या अर्जात डॉक्टर का व्हायचंय ते लिहायचं असतं. मोकळ्या जागा धरून ५,३०० अक्षरं. एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, झाली, ऑरगॅनिक केमिस्ट्री झाली, पण हे पान महिनाभर कोरं होतं. (तू दर वेळी विचारतेस म्हणून पुन्हा सांगते, प्री-मेड ही वेगळी पदवी नाही. मी संख्याशास्त्रच शिकतेय, मेडिकलला लागणारे विषय सोबत घेतलेत.) काल रात्री ते एका बैठकीत लिहून झालं, आणि त्यात काका आले.

शनिवारी रात्री मी ॲम्ब्युलन्सवर असते, ते तुला माहीत आहे. या वेळी एक आजोबा जेवता जेवता कोसळलेले. हृदय बंद पडलं की छाती दाबत राहायची: मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती निदान ५ सेंटिमीटर खाली जायला हवी, दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा. सरावाच्या बाहुलीवर मी हे कितीतरी वेळा केलंय. पण बाहुलीची बरगडी मोडत नाही गं. त्यांची माझ्या तळव्याखाली मोडली, आणि तरी थांबायचं नसतं.

ते वाचले नाहीत. इस्पितळातल्या डॉक्टरबाई बाहेर आल्या, खुर्ची ओढून आजींच्या समोर बसल्या आणि पहिल्याच वाक्यात म्हणाल्या, ते गेले. मग उठल्या नाहीत, आजी बोलेपर्यंत तशाच बसून राहिल्या. मी पलीकडे स्ट्रेचर पुसत होते. इतका वेळ स्थिर असलेले माझे हात तेव्हा कापायला लागले.

मला काकांच्या वेळचा इस्पितळातला आपला बाक आठवला. काकू, तू, मी, आणि दोन तास नुसतं 'उपचार चालू आहेत'. मृणाल, मला कळलं होतं. पाणी आणायला गेले तेव्हा दाराशी दोन नर्स बोलत होत्या. परत येऊन मी तुला सांगितलं, काका बरे होतील. तेराव्याला मी आले नाही म्हणून तू महिनाभर अबोला धरलास. मी आले नव्हते ते यामुळे.

आठवीतलं तुझं आनंदीबाईंवरचं भाषण आठवतं? दहा दिवसांचं बाळ गेलं, म्हणून ती फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाली, असं तू म्हणालीस. दुःखाने कुणी डॉक्टर होत नसतं, असं मी म्हटलं आणि तू बाटली फेकलीस. नेम तेव्हाही भिकार होता तुझा. मी अजून अर्धी माझ्याच बाजूला आहे. हृदयाला ठोका द्यायला मेंदू लागत नाही, ठोका सुरू करणारी पेशींची छोटी गाठ त्याच्यातच असते, हे वर्गात कळलं त्या रात्री मला आनंदाने झोप आली नव्हती. ते काकांमुळे नव्हतं. पण त्या खुर्चीवर बसायचंय, ते काकांमुळेच.

परिच्छेद सोबत पाठवतेय. नाव, गाव काही नाही. तू नको म्हणालीस तर काढून टाकीन, दुसरं लिहीन. काकूंना दाखवायचा का, ते तूच ठरव. अर्ज मे महिन्याच्या शेवटी जायचाय.

नवीन नोकरी कशी आहे? साहेब अजून ओरडतात? घर मिळालं का? सगळं लिही.

तुझी,
मुग्धा