पायरीवरचं बाळ आणि लगेच बारसं?

महोदय,

रविवारच्या पुरवणीत दत्तक मूल आणि श्रद्धा या विषयावरच्या प्रेमकथेची ओळख वाचली, कादंबरीही मिळवून वाचली. प्रेमाचा भाग झकास आहे. नायक विठ्ठलाशी भांडतो, तेही पटलं. पण देवळाच्या पायरीवर सापडलेलं तान्हं बाळ नायिका थेट घरी नेते आणि पुढच्याच प्रकरणात बारसं! मी दत्तक मुलीची आई. हे फार खटकलं. असं मूल चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. त्याच्या आईवडिलांचा शोध घेतात. दोन वर्षांखालचं असेल तर ते दत्तक देता येईल का, हे ठरवायला कायद्याने दोन महिने दिलेत. मग 'कारा' या दत्तकविधानाच्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या यादीत वाट पाहणाऱ्या पालकांचा नंबर. दत्तकाचा आदेश 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आमच्या वेळी कोर्टच होतं. त्या वाट पाहण्यात सासूबाई हरिपाठ म्हणायच्या आणि मी फोनकडे बघत बसायचे. श्रद्धेवरची कादंबरी नेमकी तिथेच का थांबू नये?

कादंबरीच्या शेवटी त्या मुलीला आपण दत्तक असल्याचं कळतं ते लग्न ठरल्यावर, तेही शेजारणीकडून. बडोद्यात तरी हे पटणार नाही. कवळाण्याच्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी 1875 मध्ये दत्तक घेतलं, तेच आपले सयाजीराव महाराज. आमची लेक तर बालवाडीतच सगळ्यांना सांगत सुटायची.

लेखिकेने दुसऱ्या आवृत्तीत निदान ते बारशाचं प्रकरण बदलावं.

— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे