तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाबद्दल

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या देशातून आलेल्या धावपटूंना माझ्या सूचना त्यांच्या भाषेत सांगायच्या, एवढंच दुभाषी म्हणून तुमचं काम ठरलं होतं. पण आज आभार मानायचे आहेत ते तुम्ही सांगायला नकार दिलेल्या एका वाक्याबद्दल.

दर सत्रानंतर मी विचारायचो, ‘शून्य ते दहामध्ये आज किती जड गेलं?’ उत्तरावरून पुढच्या दिवसाचा भार ठरतो. 400 मीटरच्या दहा फेऱ्या मारून धापा टाकणारा तो मुलगा खाली बघत म्हणायचा, ‘तीन.’ मी ते खरं धरून भार वाढवत गेलो आणि शेवटी त्याची हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, दुखावली. दुखणं जुनं होतं, हे तपासणीत कळलं. मी संतापून म्हणालो, ‘विचारा त्याला, खोटं का बोलला?’

तुम्ही विचारलं नाहीत. मला बाजूला नेऊन म्हणालात, ‘तो खोटं बोलत नाही. काम जड गेलं म्हणणं म्हणजे ते देणाऱ्या वडीलधाऱ्याची चूक काढणं, असं तो मानतो.’

त्यावरचा माझा पहिला उपाय चुकलाच. डच प्रशिक्षक गुस हिडिंक यांनी दक्षिण कोरियाच्या फुटबॉलपटूंना वयाचा मान बाजूला ठेवून एकमेकांना नावाने हाक मारायला लावली होती. 2002च्या विश्वचषकात तो संघ उपांत्य फेरीपर्यंत गेला. मीही मुलांना म्हटलं, मला नावाने हाक मारा. ती माझ्याशी बोलेनाशीच झाली. तुम्ही शांतपणे समजावलंत: फुटबॉलमध्ये पास मागताना आदराच्या शब्दांत क्षण वाया जातो, धावताना त्यांची कसली अडचण? मान राहू द्या, प्रश्न बदला.

आणि प्रश्नही तुम्हीच दिलात. ‘हाच सराव उद्या धाकट्या भावाला द्यायचा असेल, तर किती फेऱ्या देशील?’

तो लगेच म्हणाला, ‘सहा.’ मी दहा देत होतो, ताई. महिनोन्‌महिने.

तुमचं इथलं काम संपलं, पण तो प्रश्न मी रोज विचारतो. मुलगा पुन्हा धावतोय. परवा सातवी फेरी संपवून तो न विचारता माझ्याजवळ आला आणि खाली बघतच म्हणाला, ‘सर, आज जड गेलं, दहापैकी आठ.’ उरलेल्या फेऱ्या मी रद्द केल्या. तुम्हाला हे कळवायचं होतं.

आपला ऋणी,
एक प्रशिक्षक