मिग-21ची प्रतिकृती : रंगाआधी पृष्ठभाग पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21ला हवाई दलाने निरोप दिला. त्यानंतर या विमानाचे प्लास्टिक किट आणून जोडायला बसलेले अनेक जण दिसतात, शाळा-महाविद्यालयांच्या प्रदर्शनांतही त्याच्या प्रतिकृती मांडल्या जातात. ही विमाने ओझरच्या एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात वर्षानुवर्षे तयार झाली, त्यामुळे आम्हा नाशिककरांना त्यांच्याविषयी जास्तच जिव्हाळा. मात्र मांडलेल्या प्रतिकृतींपैकी बऱ्याच जोडणीत उत्तम आणि रंगकामात फसलेल्या असतात. फसण्याची कारणे ठरलेली आहेत आणि सगळी टाळता येतात, म्हणून हे पत्र.

मिग-21च्या भारतीय प्रकारांपैकी रंगवायला सर्वांत अवघड म्हणजे उघड्या धातूच्या रूपातले एफएल. वरवर पाहता काम सोपे वाटते : चंदेरी रंग फवारला की झाले! प्रत्यक्षात हिरवा-तपकिरी कॅमोफ्लाज जोडातल्या चुका झाकतो, तर धातूचा रंग प्रत्येक चूक वर आणतो. 1/72 मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या प्रतिकृतीत, पंखांचा पूर्ण विस्तार जेमतेम 10 सेंटिमीटर भरतो. या मापात अर्ध्या मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे खऱ्या विमानावर साडेतीन सेंटिमीटर रुंदीची खाच. म्हणून धातूच्या विमानाचे निम्मे काम रंगाची बाटली उघडण्यापूर्वीच करायचे असते.

धडाचे दोन भाग जुळतात ती रेघ आधी पुट्टीने भरावी. सुपरग्लूनेही भरता येते, पण मग तासाभरात घासून घ्यावे. एक दिवस गेला की तो भोवतालच्या प्लास्टिकपेक्षा कडक होतो, आणि घासताना ग्लू तसाच राहून बाजूचे प्लास्टिक झिजते. वॉटर पेपर 600 नंबरपासून सुरू करून 1000, 1500, 2000 असा पाण्यात भिजवत न्यायचा. मधला नंबर गाळला की आधीच्या कागदाचे ओरखडे राहतात आणि ते चंदेरी रंगाखालूनच दिसतात. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) रेषा त्याच बैठकीत सुईने पुन्हा कोराव्यात. शेवटी भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने मॉडेल धुवून वाळवावे. त्यानंतर त्याला उघड्या बोटांनी हात लावू नये, नायट्राइलचे हातमोजे घालावेत. बोटाच्या तेलकट ठशावर रंग धरत नाही, मास्किंग टेप काढताना नेमका तिथलाच पापुद्रा निघतो.

हार्डवेअरच्या दुकानातला, मोटारीच्या चाकांसाठीचा सिल्व्हर स्प्रे कृपा करून वापरू नका. त्यातले धातूचे कण इतके मोठे असतात की 1/72 मापात विमानाच्या पत्र्यावर वाळू चिकटल्यासारखी दिसते. त्यातला थिनर तीव्र असतो, प्रायमर (रंगाखालचे अस्तर) नसेल तर तो प्लास्टिकचा पृष्ठभाग चक्क खातो. मॉडेलसाठीच्या धातुरंगांत (अल्क्लॅड, व्हॅलेजो मेटल कलर वगैरे) कण फार बारीक असतो. अल्क्लॅडच्या चकचकीत छटांना खाली ग्लॉस काळा पाया लागतो. हा पाया आरशासारखा गुळगुळीत जमला नाही तर पुढे काहीही करून चमक येत नाही. पायाला किमान 24 तास, दमट हवेत 48 तास वाळू द्यावे. वर कोरडा आणि आत ओला राहिलेला काळा रंग धातुरंगाचा थिनर लागताच तडकतो. त्यानंतर सगळे खरवडून पहिल्यापासून करण्यावाचून गत्यंतर नसते.

एअरब्रशने (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणाऱ्या छोट्या फवारणी पेनने) फवारताना हवेचा दाब 12 ते 15 पीएसआय, सुई 0.3 मिलिमीटर, अंतर 5 ते 7 सेंटिमीटर. अल्क्लॅड बाटलीतून थेट वापरायचा, पातळ करायचा नाही. नेहमीचे अॅक्रिलिक मात्र थिनरने पातळ करावे लागतात. एकास एकपासून सुरुवात करून रंग दुधाइतका पातळ झाला की थांबावे. पृष्ठभागावर संत्र्याच्या सालीसारखी खडबड आली तर रंग पोहोचण्याआधीच हवेत वाळतो आहे असे समजावे : अंतर कमी करा, दाब उतरवा किंवा थिनर थोडा वाढवा. उलट रंगाचे पाय फुटून कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरत असतील तर थिनर जास्त आहे किंवा एअरब्रश फार जवळ आणला आहे. एका जागी हात थांबवून रंग भरण्याचा प्रयत्न करू नये. पातळ असे तीन-चार हात मारावेत आणि दोन हातांमध्ये पाच-दहा मिनिटे जाऊ द्यावीत.

पावसाळ्याचा मुद्दा मुंबई, कोकण आणि गोव्याच्या वाचकांसाठी खास महत्त्वाचा आहे. लॅकरमधला (अल्क्लॅडसारख्या तीव्र थिनरच्या रंगांमधला) थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली वाफ ताज्या रंगावर बसते. रंग पांढरट, धुरकट दिसू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो लॅकर आणि वार्निश फवारू नये. फवारणे भागच असेल तर दुपारच्या कोरड्या वेळी फवारावे आणि सावकाश उडणारा लेव्हलिंग थिनर घालावा. कॉम्प्रेसरच्या नळीवरचा पाणी अडवणारा फिल्टर दर बैठकीआधी रिकामा करावा. एवढे करूनही पांढरटपणा आलाच, तर कोरड्या दिवशी त्याच जागी नुसत्या लेव्हलिंग थिनरचा हलका हात दिल्यास बहुतेक वेळा तो निघून जातो.

धातूचा पाया जमला की मिग-21 एकाच छटेचा ठेवू नये. जुन्या छायाचित्रांत शेजारशेजारचे पत्रे वेगळे चमकतात. निवडक पत्र्यांभोवती टेप लावून थोडी गडद छटा फवारावी. टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून काढली म्हणजे तिची पकड सौम्य होते. इंजिनाच्या शेपटीकडचा भाग तापून बदललेला असतो. तिथे पातळ पारदर्शक तपकिरी आणि त्यावर निळ्याचा पुसटसा हात पुरतो. नाकाचा शंकू आणि शेपटीचे टोक धातूचे नसून हिरवे असते, ते धातुरंग पूर्ण वाळल्यावर टेप लावून रंगवावे.

डिकलच्या (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायच्या छापील चिन्हांच्या) बाबतीत सर्वाधिक तक्रार म्हणजे पारदर्शक कडांखाली दिसणारी चंदेरी झाक. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म खाचांचा असतो, त्या खाचांत हवा अडकते आणि तीच चमकते. म्हणून कॅमोफ्लाजच्या विमानावर डिकलआधी ग्लॉस वार्निश अनिवार्य आहे. त्यानंतर डिकल, मग पुन्हा ग्लॉस, मग वॉश (पॅनेलच्या रेषांत भरायचा पातळ गडद रंग) आणि सर्वांत शेवटी मॅट, हा क्रम मोडू नये. धातूच्या विमानाचा पृष्ठभाग आधीच गुळगुळीत असल्याने डिकल थेट लावता येतात. उलट त्यावर वार्निश मारले तर धातूची चमक मरते. डिकल कोमट पाण्यात 15-20 सेकंद बुडवून बाहेर काढावे आणि कागदावरून आपोआप सुटेपर्यंत मिनिटभर थांबावे. सॉफ्टनर (डिकल मऊ करून पृष्ठभागावर बसवणारा द्राव) लावल्यावर डिकलला सुरकुत्या पडतात, त्या वेळी बोट लावू नये, वाळताना त्या आपोआप बसतात. तीव्र सॉफ्टनर काही धातुरंगांवर डाग पाडतो, तेव्हा आधी पंखाच्या खालच्या बाजूला थेंबभर लावून पाहावा. हवेचा बुडबुडा राहिलाच तर बारीक सुईने टोचून पुन्हा सॉफ्टनर द्यावा.

आपल्या हवाई दलाच्या चिन्हात बाहेर केशरी, मग पांढरे आणि मध्यभागी हिरवे वर्तुळ असते. पातळ छपाईचे केशरी हिरव्या-तपकिरी पार्श्वभूमीवर मळकट विटकरी दिसते. अशा वेळी खाली त्याच मापाची पांढरी चकती चिकटवावी, किंवा वर्तुळ कापणाऱ्या कंपासने टेप कापून चिन्ह थेट रंगवावे : आधी पांढरे, मग केशरी, शेवटी हिरवे. मेहनत जास्त आहे, पण टेपच्या कडा नखाने नीट दाबल्या तर याहून स्वच्छ काम दुसरे नाही.

वॉशबद्दल एकच सांगणे आहे. शुद्ध काळा नको. खऱ्या विमानावरची दोन मिलिमीटरची फट 1/72 मापात 0.03 मिलिमीटर होते. तिला काळ्या रेघेत बदलले की विमान कागदावर आखल्यासारखे दिसते. राखाडी-तपकिरी एनॅमल वॉश मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून भरावा आणि 20 मिनिटांनी हवेच्या प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे पुढून मागे पुसावा.

पालकांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क थिनरची वाफ अडवत नाही. त्यासाठी ऑर्गॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क लागतो. थिनर पेट घेणारा आहे, स्वयंपाकघरात गॅसजवळ किंवा देवघरात समई लावलेली असताना शेजारी फवारणी करू नये. शाळकरी मुलांना पाण्यात मिसळणारे अॅक्रिलिक आणि चांगला ब्रशच द्यावा.

शेवटी दोन विनंत्या. किट विकणाऱ्या दुकानदारांनी त्याबरोबर प्रायमर, योग्य थिनर आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर ठेवावा. दुकानात किट मिळते आणि या तीन वस्तू शोधत फिरावे लागते, म्हणून मुले हार्डवेअरच्या डब्याकडे वळतात. आणि प्रदर्शनांच्या परीक्षकांनी तेलाचे ओघळ आणि धुराचे काळे पट्टे पाहून गुण देण्याऐवजी छोटी टॉर्च मॉडेलला समांतर धरून धडाच्या जोडावरून आणि डिकलच्या कडांवरून प्रकाश फिरवावा. या दोन ठिकाणी काम स्वच्छ असेल त्याला पहिला क्रमांक द्यावा.

कळावे,
एक वाचक, नाशिक