बुरशी आढळली, पण कोणती?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शरीरात खोलवर शिरणाऱ्या बुरशीवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. लक्षणे, मधुमेहाचा धोका, औषधे, सगळे नीट आले आहे. पण बुरशी ओळखतात कशी, यावर एकच ओळ आहे: ‘तपासणीतून निदान होते’. मी मायक्रोबायोलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून त्या एका ओळीबद्दल लिहीत आहे.

ॲस्परजिलस ही बुरशी निघाली तर बहुधा व्होरिकोनॅझोल देतात. म्युकरवर (म्हणजे ‘काळ्या बुरशी’वर) ते औषध चालतच नाही. तिथे अँफोटेरिसिन बी लागते आणि सडलेला भाग शस्त्रक्रिया करून काढावा लागतो. त्यात ॲस्परजिलस टेरियस ही जात अँफोटेरिसिनलाही सहसा दाद देत नाही. म्हणजे ‘बुरशी आढळली’ एवढ्या रिपोर्टवर योग्य औषध निवडता येत नाही.

सर्वांत जुनी तपासणीच आजही सर्वांत लवकर उत्तर देते. बायोप्सीचा कण स्लाइडवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. पेशी विरघळतात, बुरशीचे तंतू उरतात. कॅल्कोफ्लोर हे चमकणारे रंगद्रव्य मिसळले तर फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली ते चमकतात. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, एकसारख्या जाडीचे. त्यांत आडवे पडदे असतात आणि फाटे साधारण ४५ अंशांत फुटतात. म्युकरचे तंतू रुंद, चुरगळलेल्या फितीसारखे, पडदे तुरळक, फाटे बरेचदा काटकोनात. अनुभवी डोळ्यांना हा फरक त्याच दिवशी कळतो आणि उपचार सुरू होतात. मात्र फ्युजेरियम ही आणखी एक बुरशी ऊतीत अगदी ॲस्परजिलससारखीच दिसते. त्यामुळे नेमकी जात ठरवायला कल्चर (नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणे) किंवा डीएनएची तपासणी हवीच.

अडते ते इथे. ऑपरेशन थिएटरमधून पुष्कळदा सगळाच्या सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) घालून पॅथॉलॉजीला पाठवला जातो. फॉर्मलिनने बुरशी मरते, मग कल्चर होणार कशाचे? डीएनएही खराब होतो, पीसीआर या डीएनए तपासणीचा भरवसा कमी होतो. खरे तर एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये आमच्याकडे आला की काम भागते. मला सर्वांत जास्त खंत याचीच वाटते, कारण यासाठी ना महागडे यंत्र लागते, ना वेगळा खर्च.

आमच्या बाजूनेही काळजी घ्यावी लागते. म्युकरचा संशय असेल तर ऊती खलायची नाही, तिचे फक्त बारीक तुकडे करायचे. पडदे जवळपास नसल्याने तंतू एका जागी चिरडला तरी मरतो. इतके करूनही स्लाइडवर म्युकर दिसते आणि कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, असे वारंवार होते. अशा वेळी कल्चर निगेटिव्ह आले म्हणून औषध थांबवू नये.

रक्ताच्या तपासण्यांबद्दलही गैरसमज आहे. गॅलॅक्टोमॅनन ही रक्तचाचणी ॲस्परजिलससाठी उपयोगी आहे. पण म्युकरमध्ये ती चाचणी आणि बीटा-डी-ग्लुकान, दोन्ही सहसा निगेटिव्ह येतात. ‘रक्तात काही नाही’ असे ऐकून नातेवाईक निश्चिंत होतात आणि बायोप्सी लांबते. म्युकर मात्र तोवर रक्तवाहिन्यांत शिरत राहते.

पुढे या विषयावर लिहाल तेव्हा नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारायचे दोन प्रश्न जरूर छापा: एक तुकडा सलाइनमध्ये मायक्रोबायोलॉजीला पाठवला का, आणि म्युकरचा संशय असल्यास तसे फॉर्मवर लिहिले का?

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ