माझ्या गाडीचा हात मोडला : वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वाहतूकमंत्री,
गोवा राज्य, पर्वरी.

सप्रेम नमस्कार.

आपण कामात असणार, म्हणून पाल्हाळ न लावता सांगतो. गेल्या बुधवारी सकाळी पावणेबारा वाजता एका सरकारी कचेरीच्या आवारात माझ्या गाडीचा डावा हात मोडला. कचेरी कुठली ते लिहीत नाही, कारण मला तिथे परत जायचं आहे.

गाडीला कसला आलाय हात, असं आपल्याला वाटेल. माझी गाडी १९५६ सालची फोक्सवॅगन बीटल. तिला वळण्याची खूण करायला लुकलुकणारे दिवे नाहीत. दोन्ही दारांमागच्या खांबांत वीतभर लांबीची एकेक पट्टी दडलेली असते. स्टेअरिंगखालची दांडी हलवली की ती टक्क करून बाहेर येते, आडवी होते आणि तिच्या पोटात सहा व्होल्टचा बारीक केशरी दिवा लागतो. वळून झालं की ती परत आत. आमच्या घरात तिला पहिल्यापासून हातच म्हणतात.

निरीक्षक पोरगेलासा होता, बोलायला गोड. "काका, इंडिकेटर दाखवा." मी दांडी हलवली, हात बाहेर आला. त्याने क्षणभर पाहिलं आणि उघडं राहिलेलं कपाट लोटावं तसा तो बोटाने आत लोटला. दांडी चालूच होती. कट् असा आवाज झाला. केशरी तुकडा सिमेंटवर पडला आणि माझ्या चपलेपाशी येऊन थांबला. "निघाला वाटतं," तो म्हणाला. मग त्याने पेनाचं टोपण काढून फॉर्मवर लिहिलं : इंडिकेटर नादुरुस्त.

तो हात मिळवायला मला तीन वर्षं लागली होती. मुंबईच्या चोरबाजारात पाच खेपा, आणि शेवटी एका डब्यात जुन्या कुलपांखाली सापडला. किंमत सांगत नाही, बायको हे पत्र वाचणार आहे.

आता मूळ दुखणं. दीड वर्षापूर्वी जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात व्यासपीठावरच्या पाहुण्यांनी माइक धरून सांगितलं होतं की गोव्यातल्या जुन्या गाड्यांसाठी वेगळी खिडकी होईल आणि तीस दिवसांत कागद हातात मिळेल. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच वाजवल्या, त्याची आता लाज वाटते. त्या खिडकीचा पत्ता अजून कोणाला लागलेला नाही. माझी नोंदणीची फाईल मात्र चौदा महिने फिरते आहे. माझ्या वहीप्रमाणे एकोणीस खेपा झाल्या, एखादी इकडेतिकडे असेल. प्रत्येक खेपेला कोकणीत उत्तर एकच, "फाल्यां येयात," म्हणजे उद्या या. हा फाल्यां म्हणजे नेमका कुठला दिवस, हे मी चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवूनही काढू शकलो नाही.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये नियम केला. पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली दुचाकी-चारचाकी 'व्हिंटेज' ठरते, साठ दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं, ते दहा वर्षं चालतं. नवी नोंदणी असेल तर वीस हजार रुपये, पुढच्या नूतनीकरणाला पाच हजार. आधीचा नोंदणी क्रमांक असेल तर तो ठेवता येतो. नियम वाचून मी पेढे वाटले होते. पण खालची ओळ तेव्हा वाचली नव्हती. ही गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, तांत्रिक संशोधनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला न्यायची, रोजच्या वापराला नाही. मी कवळ्याचा. शांतादुर्गेच्या जत्रेला आम्ही याच गाडीतून जातो. ते प्रदर्शनात बसतं की संशोधनात? बायको म्हणते, परत येताना पेट्रोल भरू या, म्हणजे झालं.

म्हणून म्हटलं, नको ते व्हिंटेज, नोंदणीचं साधं नूतनीकरण करू. तर खिडकीतल्या बाईंनी पडद्यावर पाहून सांगितलं, "ही इम्पोर्टेड दिसते. ऐंशी हजार."

ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस वर्षांवरच्या साध्या मोटारीला दहा हजार आणि आयात केलेल्या चारचाकीला ऐंशी हजार. दर मला पाठ आहेत. माझं म्हणणं एवढंच की ही गाडी आयात कधी झाली? १९५६ साली ती मुरगाव बंदरात उतरली. तिचा कर पोर्तुगिजांच्या आल्फांदेगाने, म्हणजे कस्टमने घेतला, त्याची पावती तेव्हाच्या गोव्यातल्या रुपियात आहे, एस्कुदो हे पोर्तुगीज चलन इथे यायच्याही आधीची. १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय सैन्य पणजीत आलं तेव्हा ती इथल्या रस्त्यांवर पाच वर्षं धावून झाली होती. गाडी भारतात आली नाही, मंत्रीमहोदय, भारत गाडीपाशी आला. तरीही तिला आयातच म्हणायचं असेल तर मीही आयात आहे. माझा जन्म १९५४ चा. माझे किती होतात तेही एकदा सांगून टाका.

बाईंना एवढं सगळं समजावल्यावर शेजारच्या टेबलावरून एक गृहस्थ म्हणाले, "पोर्तुगिजांची असती तर स्टेअरिंग डावीकडे असतं, मास्तर." म्हणजे एकीकडून इम्पोर्टेड म्हणून ऐंशी हजार, आणि दुसरीकडून पोर्तुगीज काळातली नाहीच असा संशय! पोर्तुगाल १९२८ साली रस्त्याच्या उजव्या बाजूला गेला, पण गोव्याच्या सभोवती डावीकडून चालणारा इंग्रजी मुलूख, म्हणून इथे डावीच बाजू राहिली आणि गाड्यांची स्टेअरिंग उजवीकडे आली. हे मी त्यांना सांगितलं. ते चहाला निघून गेले.

मग चासी नंबर. "सतरा अक्षरं पाहिजेत, तुमचे सातच आकडे आहेत. बाकीचे कुठे गेले?" जणू मीच ते खाल्ले. सतरा अक्षरांची पद्धत रुळली १९८० च्या आसपास. त्याआधीच्या गाडीने ती कुठून आणायची? आणि हे सात आकडे असतात मागची सीट उचलल्यावर, गाडीच्या तळाच्या मधल्या कण्यावर कोरलेले. निरीक्षक ते पुढच्या बॉनेटखाली शोधत होता. तिथे स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी. इंजिन मागे.

ही गाडी बाबांनी १९६२ च्या उन्हाळ्यात घेतली, लिस्बनला परत निघालेल्या एका अधिकाऱ्याकडून. बाबा खाणीवर हिशेबनीस होते. मुक्तीच्या आधी भारताने गोव्याची नाकेबंदी केली होती तरी खनिज जपानला आणि जर्मनीला जात होतं, आणि त्या पैशावर बाहेरून घड्याळं, नायलॉन, दारू, मोटारी येत होत्या. पलीकडे सावंतवाडीत माणसं फियाटसाठी नंबर लावून बसलेली असताना आमच्या गल्लीत ओपेल आणि मर्सिडीज उभ्या असायच्या. मर्सिडीजच्या तर टॅक्स्या होत्या. आज हे नातवाला सांगितलं की तो माझ्याकडे दयेने बघतो.

या बीटलला पेट्रोलचा काटा नाही. टाकी आटली की इंजिन आचके देतं, मग पायाच्या अंगठ्याने डॅशखालची चावी फिरवायची, राखीव पाच लिटर सुरू होतात. फर्मागुढीच्या चढावर गाडी आचके द्यायची आणि बाबा बोलणं न थांबवता पाय पुढे करायचे. आई दर वेळी देवाचं नाव घ्यायची. ५ जुलै १९८६ ला मांडवीचा पूल पडला तेव्हा पलीकडच्या बहिणीकडे जाताना मी हीच गाडी बेतीच्या फेरीवर चढवत होतो. फळीवरचं खारं पाणी खाली उडायचं, आणि घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुणं, मग स्वतः जेवणं. ती अजून शाबूत आहे ती त्यामुळे. त्या काळी फोंड्यात एक म्हातारा मेस्त्री होता, तो इंजिनाला कान लावून सांगायचा कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे. आता मेकॅनिक लॅपटॉप घेऊन येतो आणि विचारतो, वायर कुठे जोडू?

माझ्याकडे आणखी चार वाहनं आहेत, एक मॉरिस मायनर, एक फियाटची मिलेचेंतो, दोन लँब्रेटा. लोक मला संग्राहक म्हणतात. संग्राहक म्हणजे खोबरेल तेलाच्या पैशांत ग्रीस आणणारा माणूस. पेन्शन येते आणि चाकांखालून जाते.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या गोठ्यात जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल तर त्यांना दोन शब्द सांगून घेतो, मंत्रीमहोदयांनी तेवढा वेळ खुशाल फोन पाहावा. पावसात गाडीवर प्लास्टिकची ताडपत्री घालू नका. आतली ओल आतच शिजते आणि ऑगस्टात दाराची तळं भाकरीसारखी फुगतात. छप्पर हवं, पण बाजू उघड्या. जूनमध्ये बॅटरी काढा, गाडी लाकडी ठोकळ्यांवर घ्या. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते, तिच्यावर रबराचा तुकडा टाकाच. नाहीतर वजनदार पाहुणा बसला की सीटची स्प्रिंग बॅटरीला टेकते आणि सीट धुमसू लागते. माझा मेव्हणा यातून थोडक्यात वाचला. आणि इंजिनावरची पेट्रोलची नळी दर वर्षी बदला. चार आण्यांची वस्तू, पण तीच फुटून कितीतरी बीटल जळाल्या.

नळीवरून आठवलं. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर कुजवतं. आमच्या गाड्यांत ते टाकलं की महिन्याभरात कार्ब्युरेटरच्या तळाशी चिखल. ऊस कोल्हापूरचा, धोरण दिल्लीचं आणि चिखल कवळ्यात माझ्या परातीत. साऱ्या गोव्यात एका पंपावर तरी बिनमिश्रित पेट्रोल स्वस्तात ठेवता आलं नसतं? पण विचारायचं कोणाला? पेट्रोल दुसऱ्या खात्याचं, वारसा तिसऱ्याचा, रस्ता चौथ्याचा.

वारसा हा शब्द तर ऐकवत नाही आता. पणजीतल्या फोंतान्हासची पिवळी भिंत आणि तिच्यापुढे एक जुनी गाडी असं चित्र दिसलं की सगळ्यांना गोवा किती गोड वाटतो. भिंतीला रंग मिळतो. गाडीला मिळतं 'फाल्यां येयात'. इकडे पर्यटक भाड्याच्या जीप किनाऱ्यावरच्या वाळूत घालून रुतवतात, ट्रॅक्टर लावून काढाव्या लागतात, त्यांचे कागद मात्र चोख. २०११ च्या जनगणनेत आम्ही माणसं साडेचौदा लाख होतो. गाड्या आता तेवढ्या झाल्या की जास्त, हे मोजायला मला कोणी बसवलेलं नाही, पण सकाळी नऊ वाजता फोंडा-पणजी रस्त्यावर बाणस्तारीला उभं राहा, उत्तर मिळेल. डोंगर कापा, शेतं बुजवा, सहापदरी करा, आणि मग एका बहात्तरीच्या मास्तराला सांगा की तुझी तीस अश्वशक्तीची गाडी रस्त्याला भार आहे. रांगेत मी उभा, खुर्ची आतल्याला. माझ्या पाठीत दोन मणके सरकले आहेत हे डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट मी अर्जाला जोडलं होतं. ते पानच फाईलमधून गहाळ झालं. ऐंशी हजाराचं पान तेवढं आहे.

असो. मागणं काही मोठं नाही. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात नोंद झालेल्या गाड्या आयात नव्हेत, असं एक परिपत्रक काढायला अर्धं पान लागतं. पोर्तुगीज कागदाला 'हे वाचता येत नाही' म्हणून परत पाठवू नये. माझ्या कागदावर रंगाच्या रकान्यात सिंझेंतू लिहिलंय, म्हणजे राखाडी. गाडी आजही राखाडीच आहे, बाहेर येऊन बघितलं तरी कळेल. आणि तपासणीला एखादा असा माणूस ठेवा, ज्याने आयुष्यात कधीतरी जुन्या इंजिनाच्या तेलात हात घातला आहे.

त्या पोराला मात्र काही शिक्षा करू नका. निघताना तो मागे आला होता, "काका, तुकडा चिकटवून बघा, आमच्या गावात एकजण चिकटवतो" म्हणाला. त्याला एखाद्या रविवारी माझ्याकडे पाठवा. हात कसा बाहेर येतो, कसा आत जातो, मी दाखवीन. उजवा अजून चालू आहे.

पुढची तारीख १८ आहे, सकाळी साडेदहा. मी येतोय. डावीकडे वळताना पोलिसाने अडवलं तर काचेतून स्वतःचा हात बाहेर काढून खूण करीन.

आपला,
एक निवृत्त गणित मास्तर,
कवळे, फोंडा.